जळालेली चित्रे, उरलेली छायाचित्रे

रॉबर्ट गिल हे नाव आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते ते पारोमुळे. अजिंठ्याची चित्रे उतरवून घ्यायला आलेला गोरा साहेब आणि त्याच्यावर जीव लावणारी त्या मुलखातली मुलगी, ही कथा ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यातून घरोघर गेली. २०१२ साली नितीन देसाईंनी तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा कविता न वाचणाऱ्यांपर्यंतही ती पोचली. मला त्या कथेचे वावडे नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असले तरी सांगायची सोय नाही! पण नोकरीच्या उत्तरार्धात माझी बदली जळगाव जिल्ह्यात झाली आणि तीन वर्षांत कितीतरी रविवार मी अजिंठ्याच्या दरीत काढले. तेव्हापासून मला गिलच्या प्रेमापेक्षा त्याच्या कामाचेच कुतूहल जास्त वाटत आले आहे. त्यातही त्याने रंगवलेल्या मोठमोठ्या चित्रांपेक्षा, त्याने कॅमेऱ्याने काढलेल्या तळहाताएवढ्या छायाचित्रांचे.

गिलचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडमधला. विशीच्या उंबरठ्यावर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात आला. ४४ वी मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री ही त्याची पलटण. पुढची वीस वर्षे इतर शेकडो अधिकाऱ्यांसारखीच गेली असावीत. चाळिशीपर्यंत त्याच्या नावावर इतिहासाने दखल घ्यावी असे काही नव्हते. एवढेच, की त्याचा हात चित्रकलेत चांगला होता आणि ते वरिष्ठांना ठाऊक होते.

इकडे अजिंठ्याची लेणी जगासमोर येऊन पंचवीस वर्षे होत आली होती. २८ एप्रिल १८१९ रोजी कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने त्या भागात आला आणि पलीकडच्या कड्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. साहेबाने एका खांबावरच्या चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली. नंतर आलेल्यांनी तेवढ्यावर भागवले नाही. आठवण म्हणून भिंतीवरच्या आकृती खरवडून नेण्याचेही प्रयत्न झाले आणि हाती बहुतेक चुराच आला. जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत त्यांच्यावर निबंध वाचला. चित्रे डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत, तेव्हा निदान त्यांच्या नकला तरी करून घ्याव्यात, असा सोसायटीने कंपनीच्या संचालकांकडे आग्रह धरला. संचालकांनी हुकूम काढला आणि मद्रास सरकारने १८४४ मध्ये कॅप्टन गिलचे नाव पुढे केले.

काम थोड्या वर्षांत आटपेल अशी सगळ्यांची समजूत होती. त्याला सुमारे वीस वर्षे लागली.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. घाटाखाली खानदेश इंग्रजांचा, घाटावर निजामाचा अंमल, आणि मधल्या डोंगरात दोघांचाही अंमल बेताचाच. लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या अजिंठा गावात, तटबंदीच्या आतल्या बारादरीत गिलने मुक्काम ठोकला. १८०३ मध्ये असईची लढाई झाली, तेव्हा इंग्रजांचे जखमी सैनिक याच गावात आणून ठेवले होते. गावाला फिरंगी नवा नव्हता, पण राहायला आलेला फिरंगी नवा होता. तिथून घाट उतरून फर्दापूरच्या बाजूने वाघूर नदीच्या दरीत शिरायचे, कामाला लागायचे. लेण्यांत वटवाघळे, कड्यावर आग्या मोहळे, आसपास वाघ. पावसाळ्यात वाटा बंद, उन्हाळ्यात कातळ तापलेला. हिवतापाने तर कुणालाच सोडले नाही.

दरीची जागा मात्र अशी, की पाहिल्यावर माणूस तिथून हलू नये. नदी घोड्याच्या नालासारखी वळते आणि त्या वळणावर, पंचाहत्तर मीटर उंचीच्या कड्याच्या पोटात, तीस लेणी ओळीने कोरलेली आहेत. टोकाला सात टप्प्यांनी कोसळणारे पाणी आहे, सातकुंड. परदेशातल्या गुहांची सुंदर छायाचित्रे आपण कॅलेंडरांवर पाहतो. त्या गुहा बहुतेक चुनखडीच्या असतात, पाण्याने हजारो वर्षे विरघळवून विरघळवून केलेल्या. आपला सह्याद्री आणि त्याच्या फांद्या ज्वालामुखीच्या काळ्या कातळाच्या. त्यात पाणी अशा गुहा करत नाही, छिन्नीच लागते. तरीही अजिंठ्यात चुना आहे. खडबडीत भिंतीवर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, आणि वर चुन्याचा पातळ हात. इसवी सनापूर्वीची थोडी आणि वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली, बहुसंख्य चित्रे याच पापुद्र्यावर रंगवलेली आहेत. गिलावा सुटला की चित्र गेले.

गिल कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत होता, त्याही मोठ्या आकाराच्या. एकेक भिंत आधी नीट पाहायची, अंधारात उजेडाची सोय करायची, मोजमाप घ्यायचे, मग रंगवायचे. तयार झालेली चित्रे गाडीवाटेने आणि समुद्रमार्गाने लंडनला रवाना व्हायची. अशी तीसच्या आसपास चित्रे त्याने केली. १८५६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या श्रीमती स्पिअर यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकात त्यांपैकी काहींवरून केलेली रेखाटने छापली गेली. तेवढी छापली गेली म्हणून ती आज आहेत, याचे महत्त्व पुढे कळेल.

पारो गेली तेही १८५६ सालीच, २३ मे रोजी. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि गिलने तिच्यावर बसवलेल्या दगडावर तिचे नाव, ती आपली लाडकी होती एवढी कबुली आणि ही तारीख आहे. पारोविषयी समकालीन पुरावा म्हणून ठामपणे दाखवता येईल असा हा दगड. बाकी आपण सगळ्यांनी मिळून रचलेले आहे. मी ती कबर तीन-चारदा पाहिली. एका विवाहित लष्करी अधिकाऱ्याने, ज्याची बायको आणि मुले इंग्लंडमध्ये होती, एका देशी स्त्रीचे नाव उघड्यावर दगडात कोरून घ्यावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तो संत होता असे मी म्हणत नाही. घरच्या बाईची बाजू कुणी लिहिलेली नाही आणि पारोचीही नाही.

याच सुमारास, म्हणजे १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, गिलच्या हातात कॅमेरा आला. कादंबरीकार म्हणून मला मोह होतो, की पारोच्या जाण्याने ब्रश गळाला आणि त्याने कॅमेरा उचलला असे लिहून टाकावे. ते खोटे ठरेल, कारण रंगकाम पुढे १८६३ पर्यंत चालूच राहिले. खरे कारण बहुधा साधे होते. छायाचित्रण त्या वेळी सरकारदरबारी नवे होते, झटपट होते, आणि लेण्यांच्या बांधणीची खात्रीलायक नोंद हवी असेल तर हाताने काढलेल्या आकृतीपेक्षा बरे होते.

झटपट हा शब्द मात्र आजच्या अर्थाने घ्यायचा नाही. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत शोधली होती. काचेच्या स्वच्छ तुकड्यावर कोलोडियन नावाचे चिकट, ईथरचा भपकारा येणारे द्रावण ओतायचे, ते सगळीकडे सारखे पसरवायचे, मग अंधारात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचे. काच ओली आहे तोवर ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ओली असतानाच पुन्हा अंधारात नेऊन ते उमटवायचे. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांच्या आत. काच वाळली की काम फुकट. म्हणजे जिथे छायाचित्र, तिथेच शेजारी अंधारी राहुटी, बाटल्या, तबके, काचांच्या पेट्या आणि धुवायला भरपूर स्वच्छ पाणी. अजिंठ्याच्या उन्हात ईथर किती वेगाने उडत असेल याची कल्पना, ज्यांनी मे महिन्यात त्या पायऱ्या चढल्या आहेत त्यांनाच येईल. पावसाळ्यात नदीला पाणी भरपूर, पण ऊन नाही. उन्हाळ्यात ऊन भरपूर, पण नदी आटलेली. मधले हिवाळ्याचे महिने काय ते कामाचे.

आमच्या वसईत पावसाळ्यातला रविवार उजाडला, की तुंगारेश्वरच्या आणि चिंचोटीच्या धबधब्यांकडे मुलांची रीघ लागते. शेजारच्या घरातला एक कॉलेजात जाणारा मुलगा गेल्या वर्षी तिथून आला, तो मोबाईलवर दोनशे छायाचित्रे घेऊनच. त्यातले एक दाखवत मला म्हणाला, काका, बघा, पाणी कसे दुधासारखे आले आहे. त्याने त्यासाठी मोबाईलमध्ये मुद्दाम काही तरी करून झडप सावकाश मिटवली होती. मी त्याला सांगितले, की दीडशे वर्षांपूर्वी असले पाणी टाळायचे म्हटले तरी टाळता येत नव्हते. काचेला चित्र धरायला कित्येक सेकंद लागत, तेवढ्यात ओढा पुढे निघून जाई आणि उरे ती पांढरी धूसर पट्टी. झाडाची पाने हलली तर तीही पुसट. स्थिर राहत ते कातळ आणि कोरीव खांब. त्याला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. दिवसाकाठी किती फोटो निघायचे, असे त्याने विचारले. दिवस चांगला गेला तर बोटांवर मोजण्याइतके, असे मी सांगितले. त्यानंतर त्याने दोनशेतले दीडशे पुसून टाकले, याचे श्रेय मी गिलला देतो.

मग गिलने कॅमेऱ्यानेच भिंतीवरची चित्रे का टिपली नाहीत? वीस वर्षे रंगकाम का करत बसला? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर त्या काचेतच आहे. ओल्या कोलोडियनच्या काचेला निळा रंग दिसतो, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसत नाही. अजिंठ्याची चित्रे तर बहुतांशी गेरू, पिवळी माती, काजळी आणि थोडा निळा यांनी रंगवलेली. त्यांचे छायाचित्र काढले असते, तर गव्हाळ अंगाचा बोधिसत्त्व काळाठिक्कर आणि निळ्या रंगाचा भाग पांढरा फटक आला असता. शिवाय आत अंधार. तेव्हा गिलने दोन कामांची वाटणी करून घेतली. भिंतीवरचे रंग ब्रशाने घ्यायचे आणि दर्शनी भाग, ओसऱ्या, खांब, कमानी कॅमेऱ्याने.

त्याने घेतलेली बरीच छायाचित्रे जोडचित्रे आहेत. एकच दृश्य, दोन भिंगांतून, दोन डोळ्यांत असते तेवढ्या अंतरावरून घेतलेले. ती दोन चित्रे शेजारीशेजारी लावून दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली, की दृश्याला खोली येते. आमच्या लहानपणी जत्रेत आणि नंतर घरोघर व्ह्यूमास्टर नावाचे खेळणे होते, तेच तत्त्व. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर इंग्लंडमध्ये या यंत्राचे वेड लागले होते. लेण्यांना हे तंत्र फारच मानवते. साध्या छायाचित्रात खांबांची ओळ चपटी दिसते. जोडचित्रात पुढचा खांब अंगावर येतो, मागचा अंधारात जातो, आणि आपण ओसरीत उभे आहोत असा भास होतो.

अजिंठ्यावरच तो थांबला नाही. वेरूळ झाले. अजिंठ्याजवळच्या अन्व्याचे मंदिर, लोणारच्या सरोवराकाठची आणि गावातली मंदिरे, सिंदखेड, असा आजच्या छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांचा पट्टा त्याने कॅमेरा घेऊन पालथा घातला. सामानाच्या बैलगाड्या आणि काचांच्या पेट्यांसह. गिल पट्टीचा शिकारी होता आणि वाघ मारण्यात त्याची ख्याती होती. त्यामुळे त्याच्या संग्रहात मंदिरांच्या जोडीला मारलेली जनावरेही आहेत. आज ती पाहवत नाहीत. तरी त्या डोंगरात कोणकोणते प्राणी होते याची ती नोंद आहे, हे मान्य करावे लागते.

१८६४ मध्ये लंडनला गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि प्राणिसृष्टी यांची १०० जोडचित्रे. दोन्हींना मजकूर फर्ग्युसनचा. छापखान्यात छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे एकेक करून चिकटवलेली असत. पुस्तक महाग, प्रती मर्यादित. पण एकाच्या जागी अनेक प्रती झाल्या, त्या वेगवेगळ्या घरांत आणि ग्रंथालयांत गेल्या, हे लक्षात ठेवू.

त्याच सुमारास आपल्या मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्याच्या शिलालेखांवर काम करत होते. त्यांनी वाकाटकांचे लेख वाचून प्रसिद्ध केल्यावर ही लेणी कुणाच्या राज्यात झाली, याचा धागा हाती आला. एकीकडे साहेब भिंती उतरवतो आहे, दुसरीकडे आपला माणूस अक्षरे लावतो आहे, हे मला फार मोलाचे वाटते. अजिंठ्याचा शोध म्हटले की आपण स्मिथपाशी सुरू करतो आणि गिलपाशी थांबतो. भाऊ दाजींचे नाव राणीच्या बागेतल्या संग्रहालयापुरते उरले आहे. आमच्या सोपाऱ्यालाही असेच झाले. सोपाऱ्याच्या माणसांची नावे कार्ल्याच्या लेण्यात दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत, आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये इथला स्तूप उकरून काढला. लोकलमधून रोज नालासोपारा स्टेशनावरून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असते?

असो. गिलच्या चित्रांकडे वळू.

लंडनच्या सिडनहॅम भागातल्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रचंड काचमहालात ती मांडली होती. देशोदेशीचे नमुने पाहायला तिथे हजारो माणसे येत. ३० डिसेंबर १८६६ हा रविवार होता. त्या दिवशी महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि तिथे मांडलेली गिलची चित्रे जळून गेली. जी प्रदर्शनात लावलेली नव्हती, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी तेवढी वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८४४ पासूनचे काम एका दिवसात गेले. गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता.

बँकेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले जाई, की मूळ दस्तऐवज आणि त्याची प्रत एका कपाटात ठेवायची नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्याही एका अधिकाऱ्याकडे देत नाहीत. कंपनी सरकार म्हणजे कागदपत्रांच्या शिस्तीचे माहेरघर. तिथल्या एकालाही वाटले नाही, की या चित्रांची एखादी दुसरी प्रत हिंदुस्थानात राहू द्यावी. याहून वाईट म्हणजे, तीच गोष्ट पुन्हा झाली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. त्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण होते. तेरा वर्षे खपून त्यांनी नव्याने नकला केल्या. त्याही लंडनला पाठवल्या गेल्या आणि १२ जून १८८५ रोजी साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. ज्या भिंती ढासळतील म्हणून हा खटाटोप झाला, त्या भिंती अजून उभ्या आहेत. नकलाकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून त्यांच्यावर वॉर्निश फासले, त्याने त्या पुढे काळवंडल्या, हा भाग वेगळा. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणून ते निस्तरायचा प्रयत्न केला, त्यांच्या लाखेच्या लेपानेही नवी पिवळसर झाक आणली.

आगीनंतर गिल मायदेशी जाऊन बसला नाही. तो अजिंठ्याच्या मुलखातच राहिला. ग्रिफिथ्सची तरुण मंडळी त्याच भिंतींसमोर पहाड बांधून नव्याने रेघा ओढत होती, तेव्हा म्हातारा गिल जिवंत होता. हे मनात आणले की मला त्याच्या प्रेमकथेपेक्षा जास्त चटका बसतो. १० एप्रिल १८७९ रोजी त्याचा अंत झाला. रेल्वे आल्यापासून भुसावळला गोऱ्या लोकांची वस्ती होती, तिथल्या दफनभूमीत त्याला पुरले. पारो अजिंठ्याला, तो भुसावळला. मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर.

गिल थोर चित्रकार होता का? लंडनला उरलेल्या चित्रांच्या मुद्रित प्रती मी पाहिल्या आहेत. हात सफाईदार आहे, निष्ठा तर आहेच, पण अजिंठ्याच्या रेषेतले वळण तैलरंगात जड झालेले वाटते. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेणार नाही. त्याला उन्हाची वेळ कळत होती. कड्यावर तिरपी उन्हे आल्यावर कोरीव काम कसे उठून येते, ते त्याने ओळखले होते. आणि ही छायाचित्रे, जी त्याने रंगकामाच्या सवडीतून केली, तीच ग्रंथालयांत विखुरलेली असल्याने शाबूत राहिली.

त्यांचा उपयोग आजही होतो. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने विसाव्या शतकात अजिंठ्याची डागडुजी केली, तेव्हा तुटलेले काही खांब नव्याने उभारले गेले. आज ओसरीत उभे राहून पाहिले, तर जुना खांब कुठला आणि नवा कुठला हे सराईत डोळ्यालाही पटकन कळत नाही. गिलच्या छायाचित्रांत डागडुजीपूर्वीची लेणी दिसतात. वरून तुटून लोंबणारे खांबाचे डोके, खाली पडलेला दगडमातीचा ढीग, फटींतून वाढलेली झुडपे. काही छायाचित्रांत, उंचीचा अंदाज यावा म्हणून, खांबाच्या पायाशी एखादा माणूस बसवलेला असतो. डोक्याला मुंडासे, हात गुडघ्यांवर. काच वाळायच्या आत काम उरकायचे होते, तेव्हा न हलता बसून राहा एवढेच त्याला सांगितले असेल, आणि तो तसा बसला आहे.